दादाची पहिली पूर्ण तपासणी: अकरा फेऱ्यांची हकीकत

ऑक्टोबरमध्ये दादाने कॅलेंडरवर फुल्या मारायचं सोडलं. सकाळी उठलं की कालच्या तारखेवर लाल पेनाने फुली, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. आधी एखाददुसरी तारीख सुटायला लागली, मग अख्खे आठवडे कोरे राहिले. हाक मारली तर वळून बघेना. दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटायचे. शर्टाची दोन बटणं लावून झाली की हात तसेच थांबायचे. आई म्हणाली, "वय झालं आता त्याचं." दादा ४१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती.

आईला न सांगितलेली एक भीती माझ्या मनात होती. अल्झायमरशी संबंध असलेलं एपीपी नावाचं जनुक याच २१व्या गुणसूत्रावर असतं. तिसऱ्या प्रतीमुळे डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन लवकर साठायला लागतं आणि हा आजार त्यांना इतरांच्या मानाने फार आधी, पुष्कळदा पन्नाशीच्या आसपासच गाठतो. दादाने चाळिशी ओलांडलेली. रात्री जागून मी हेच वाचत बसायचे आणि सकाळी त्याची उरलेली बटणं लावून द्यायचे.

आता मे उजाडला आहे आणि बरंच काही कळलं आहे, म्हणून लिहायला बसले. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाची, तो आजारी नसतानाही, दरवर्षी नीट तपासणी व्हायला हवी हे मला ठाऊकच नव्हतं. ज्यांच्या घरी असा भाऊ, बहीण, मूल आहे त्यांना पुढे काय काय येतं याचा थोडा अंदाज यावा. (शोधताना एक लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमतेलाच लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. इतर अनेक ठिकाणी तोच शब्द वाचन, लेखन, गणित अशा ठरावीक अडचणींसाठी वापरतात. माझा पहिला आठवडा या घोळात गेला.)

१२ नोव्हेंबरला आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. सात-आठ मिनिटांत बाहेर. ते सगळं माझ्याशी बोलले, दादाशी एक शब्दही नाही. "यांचं असंच असतं. आता हळूहळू उतरणच. झोप येत असेल तर झोपू द्या." कानात पाहिलं नाही, रक्त तपासायला सांगितलं नाही. मी मान डोलावली आणि त्याचा हात धरून निघाले. तेव्हा काहीच विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

नवं लक्षण दिसलं की ते जुन्या अक्षमतेच्या खात्यावर टाकायचं आणि शोध थांबवायचा, याला वैद्यकात डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग असं नावच आहे. डॉक्टरांनी ते आठ मिनिटांत केलं. आम्ही घरच्यांनी 'वय झालं' म्हणत दीड महिना तेच केलं होतं.

वाट दाखवली ती दादाला लहानपणी शिकवलेल्या बाईंनी. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "याची शेवटची पूर्ण तपासणी कधी झाली?" मी फाइल काढली. बालरोगतज्ज्ञांचं शेवटचं पत्र दादा १७ वर्षांचा असतानाचं. त्यानंतरची २४ वर्षं तो ताप आला, पडला, लागलं, तेव्हाच डॉक्टरांकडे गेलेला. लहान मुलांचे डॉक्टर सुटले की पुढे 'सगळं मिळून' बघणारं कुणी उरत नाही आणि हे कुणी सांगतही नाही. बाईंनीच सांगितलं की इंग्लंडमध्ये १४ वर्षांपासून पुढे अशा प्रत्येकाला फॅमिली डॉक्टरकडे वर्षातून एकदा तपासणी मिळते आणि शेवटी पुढच्या वर्षात काय करायचं याचा लेखी आराखडा हातात पडतो. स्पेशल ऑलिम्पिक्सवाले (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या स्पर्धा भरवणारे) तर १९९७ पासून खेळाडूंचे डोळे, कान, दात, पाय तपासण्याचा वेगळा उपक्रम चालवतात, कारण बिचारे दुखतंय म्हणून सांगत नाहीत आणि कुणी बघतही नाही.

बाईंनी सुचवलेल्या डॉक्टरांकडे फोन केला तेव्हा स्वागतकक्षातून उत्तर आलं, "प्रत्येक पेशंटला दहा मिनिटं." मी सलग चार पेशंटांच्या वेळा मागितल्या, त्याही दिवसाच्या पहिल्या. पलीकडच्या बाईंनी डॉक्टरांना विचारून कळवते म्हणून सांगितलं आणि खरंच कळवलं. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, ९ जानेवारी, शुक्रवार. पुढच्या सगळ्या तारखा मी हट्टाने शुक्रवारच्याच घेतल्या. दादाला ठरलेला वार असला की धीर येतो.

मधल्या काळात सहा पानी अर्ज भरायचा होता. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. तीन संध्याकाळी लागल्या. शौचाला किती दिवसांनी होते? गिळताना ठसका लागतो का? रात्री घोरतो का, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, बसून झोपतो का? चाल बदलली आहे का? घरात लसीकरणाचे जुने कागद आहेत का? कोणतं औषध कधी आणि कशासाठी सुरू झालं? शेवटच्या प्रश्नाला आम्ही अडकलो. बद्धकोष्ठतेचं एक सिरप सहा वर्षं चालू होतं, कुणी सुरू केलं ते आईलाही आठवेना. अर्ज आलाच नसेल तरी ही उत्तरं आधी घरी लिहून काढा. समोर बसल्यावर आठवत नाहीत.

'दुखलं की ती व्यक्ती काय करते?' या एका प्रश्नाला तर ओळीच पुरल्या नाहीत. दादाला "दुखतंय का?" विचारलं की तो "नाही" म्हणतो. "बरं आहे ना?" विचारलं तर "बरंय." डोकं, पोट, पाय, काहीही दुखलं तरी त्याचा शब्द एकच, "गरम". खूप दुखलं तर तो गप्प होतो आणि एकाच सुरात गुणगुणतो. हे आम्हाला घरात माहीत होतं, पण कागदावर पहिल्यांदाच उतरलं. त्याची एक पानी प्रत करून ती आता फाइलच्या पहिल्या पानावर लावली आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'होय-नाहीचे प्रश्न विचारू नका, बोटाने दाखवायला सांगा.'

तालमी दोन केल्या. एकदा नुसते प्रतीक्षाकक्षात जाऊन पाच मिनिटं बसून आलो. दुसऱ्यांदा वजनकाट्यावर उभं राहून आलो. घरी रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि आधी दादाने माझा, मग आईचा, मग स्वतःचा रक्तदाब मोजला. बटण तोच दाबायचा. तिथे काय काय होईल त्याचे फोटो एका पट्टीवर चिकटवले: खुर्ची, काटा, दंडाला पट्टा, कानात दिवा, सुई, घर. सुईचा फोटो लावू नको असं आई म्हणत होती. मी लावला. न सांगता टोचलं तर पुढच्या वेळी तो दारातूनच परत फिरेल, हे मला पक्कं माहीत होतं.

९ तारखेला आम्ही वेळेवर पोचलो आणि खिडकीवर अडलो. दिव्यांग प्रमाणपत्रावर आणि ओळखपत्रावर दादाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. वीस मिनिटं त्यात गेली. मूळ कागद, प्रत्येकी तीन प्रती आणि नाव-जन्मतारखेचा आणखी एक पुरावा जवळ ठेवा. प्रत्येक खिडकी नव्याने मागते.

दुसरा कागदी प्रश्न सहीचा होता. दादा प्रौढ आहे, मग संमती कुणाची? मी पालकत्वाचे कागद पुढे केले. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवून आधी खुर्ची दादासमोर ओढली. "दादा, मी तुमच्या दंडाला हा पट्टा बांधू का?" त्याने पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच बाही वर केली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात २५ वं कलम आरोग्याचं आहे. आजार लवकर ओळखण्याच्या सेवा आणि त्या माणसाची स्वतःची, समजून दिलेली संमती, दोन्ही त्यात आहेत. ते कलम दिसतं कसं ते मी त्या सकाळी पाहिलं.

उंची, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, छातीचे ठोके, पोट, पायांची बोटं, त्वचा. मानेबद्दल त्यांनी बरंच विचारलं. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. चाल अडखळायला लागली, मान तिरकी धरली जायला लागली, हातापायातलं बळ कमी झालं किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. हे मी तिथेच लिहून घेतलं.

एका तपासणीला दादाने नकार दिला. डाउन सिंड्रोम असलेल्या पुरुषांमध्ये वृषणाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तीही बघायची असते. डॉक्टरांनी चित्र दाखवून विचारलं. तो "नाही" म्हणाला आणि हे "नाही" नेहमीचं नव्हतं, त्याने कमरेचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. त्यांनी 'आज नकार, पुन्हा विचारणे' असं लिहिलं आणि पुढे गेल्या. दोन आठवड्यांनी त्याच दवाखान्यातल्या पुरुष डॉक्टरांनी विचारल्यावर, आणि मी खोलीबाहेर गेल्यावर, तो तयार झाला. बहिणीसमोर नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ४१ वर्षांच्या माणसाचं ते साधं म्हणणं मला आधी सुचलं नव्हतं.

रक्त मात्र मिळालं नाही. दोन प्रयत्नांनंतर तो गुणगुणायला लागला आणि मी थांबायला सांगितलं. १६ जानेवारीला पुन्हा गेलो, तेव्हा बधिर करणारं मलम घरूनच एक तास आधी दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लावून वर पट्टी चिकटवली होती. मलम आधी मागा, ते आपणहून कुणी देत नाही. आणखी एक: थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी, यांना उपाशी राहावं लागत नाही. उपाशी पोटी चिडलेल्या माणसाला टोचण्यापेक्षा कोणत्या चाचणीला खरंच उपास लागतो ते विचारून घ्यावं. या वेळी एका झटक्यात चार नळ्या भरल्या: थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, रक्ताची मोजणी, यकृत-मूत्रपिंड, ब जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व आणि सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) चाचणी. दादाने नळ्या मोजल्या.

२३ तारखेला अहवाल आले. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, ३८. साधारण चारच्या आत असायला हवं ते ३८. थायरॉइड जवळपास संपावर गेलेलं. सुस्ती, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, मंदावलेले हात, सगळं त्यात बसत होतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं सर्रास आढळतं की लक्षणं असोत-नसोत, दर एक-दोन वर्षांनी ही चाचणी करायची असते. आम्ही २४ वर्षांत एकदाही केली नव्हती. मी डॉक्टरांसमोर रडले. स्मृतिभ्रंशाची भीतीही त्यांना तेव्हाच सांगितली. त्या म्हणाल्या, "सगळं थायरॉइडमुळेच आहे असं मी आज म्हणणार नाही. पण थायरॉइड, कान, डोळे, झोप आणि मनाची उदासी हे आधी बघितल्याशिवाय स्मृतिभ्रंश म्हणायचंच नाही."

त्यांनी एक काम दिलं, ते प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. दादाला आज काय काय येतं याची नोंद: बटणं, नाणी ओळखणं, घरातल्यांची नावं, दात घासण्याचा क्रम. प्रत्येकाचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ. पुढच्या वर्षी तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. चाळिशीनंतर हे दरवर्षी.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशी पोटी, खाण्याआधी किमान अर्धा तास. कॅल्शियमची गोळी तो याच वेळी घेत असे. ती रात्रीवर ढकलली, कारण कॅल्शियम आणि लोह या गोळीला शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत.

कानात दोन्हीकडे मळ गच्च. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साठतो आणि बाहेर येत नाही. आठवडाभर मऊ करणारे थेंब टाकले आणि ३० जानेवारीला शोषून काढला. त्या यंत्राचा आवाज फार मोठा असतो. आदल्या आठवड्यात तो आवाज फोनवर भरून आणला होता, रोज थोडा थोडा ऐकवला. तरी दादाने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. पण घरी येताना मागून गाडीचा हॉर्न वाजला आणि तो दचकून वळला. ऑक्टोबरनंतर तो पहिल्यांदा आवाजाकडे वळला होता.

ऐकण्याची मोजणी राहिली होती आणि सगळ्यात जास्त दमवलं ते तिनेच. प्रौढांचा विभाग म्हणाला, सूचना पाळता येत नसतील तर मोजता येणार नाही. लहान मुलांच्या विभागात खेळातून मोजायची पद्धत आहे, आवाज आला की खुंटी डब्यात टाकायची. दादाला ती सहज जमली असती. पण तिथे १८ वर्षांवरच्यांचा केसपेपर निघत नाही. दोन विभाग, एकच मजला, आणि मी दोन आठवडे पत्रं घेऊन फिरतेय. शेवटी आमच्या डॉक्टरांनी 'वय ४१, पद्धत मुलांची' असं स्पष्ट लिहून दिलं, मी सोबत २५ व्या कलमाची प्रत जोडली आणि २० फेब्रुवारीला मोजणी झाली. उजव्या कानाला मध्यम स्वरूपाचा कमीपणा. श्रवणयंत्र सध्या दिवसातून वीस मिनिटं, तेही रेडिओ ऐकताना. खेळातही जे साथ देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी झोपेत करता येणारी बेरा ही चाचणी असते, तेव्हा 'मोजता येणार नाही' हे उत्तर घेऊन परतू नका.

डोळ्यांचं ६ फेब्रुवारीला लवकर उरकलं. अक्षरांऐवजी चित्रांचा तक्ता मागितला. चष्म्याचा नंबर बदललेला, मोतीबिंदूची अगदी सुरुवात. दर वर्षी बघायचं.

दातांचं वेगळंच झालं. हिरड्या सुजलेल्या, दोन दात हलणारे. पहिल्या दंतवैद्यांनी तपासायच्या आधीच पूर्ण भूल देऊन सगळं एकदम काढू म्हटलं. भूल देताना मान मागे वाकवतात, त्यामुळे मानेचं आधी सांगणं गरजेचं होतं. मी सांगितलं तर ते म्हणाले, मग नकोच करायला. दुसऱ्या दंतवैद्यांनी तीन छोट्या बैठका सुचवल्या: २७ फेब्रुवारी, ६ मार्च, १३ मार्च. पहिल्या बैठकीत नुसता आरसा आणि दात मोजणं. दुसरीत अर्ध्या तोंडाची सफाई. तिसरीत उरलेली, आणि जागा बधिर करून एक दात काढला. दुसरा वाचेल असं म्हणताहेत. खुर्ची फार मागे न नेता, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून काम केलं. एकूण खर्चात सगळ्यात मोठा वाटा या दातांचाच. त्यापाठोपाठ श्रवणयंत्र. रक्ताच्या सगळ्या चाचण्या मिळून त्यांच्या मानाने किरकोळ. पैशांखेरीज माझ्या सात पूर्ण आणि दोन अर्ध्या रजा गेल्या, हेही हिशोबात धरा. शक्य असेल तर दोघांनी वाटून घ्या.

९ मार्चला सकाळी मी स्वयंपाकघरात होते तेव्हा कॅलेंडरचा खिळा हलल्याचा आवाज आला. दादाने ८ तारखेवर फुली मारली होती. मागच्या कोऱ्या तारखांना त्याने हात लावला नाही, तिथूनच पुढे सुरू केलं. मी आईला हाक मारली. आम्ही दोघी काही न बोलता कॅलेंडरसमोर उभ्या राहिलो.

२० मार्चला आठ आठवडे झाल्यावर पुन्हा टीएसएच: ६.१. डोस थोडा वाढवला. त्याच दिवशी हृदयाचा एकोही केला. डाउन सिंड्रोममध्ये जन्मतः हृदयदोष पुष्कळांना असतो आणि ज्यांना नसतो त्यांच्याही झडपा मोठेपणी बिघडू शकतात. दादाच्या ठीक आहेत. बद्धकोष्ठतेचं सिरप अर्ध्यावर आलं आहे. नीट बघितली नाही तर बद्धकोष्ठता बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. मीही तिला वर्षानुवर्षं किरकोळ समजत आले होते.

मला भेटलेल्या एका ताईंच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्या यादीत गिळणं आणि फिटच्या गोळ्या वर होत्या. कारण वेगळं तशी यादी वेगळी. मात्र स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल त्या मुलीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती ३८ वर्षांची आहे. तुमच्या घरची अशी व्यक्ती स्त्री असेल तर हा विषय तुम्हीच काढा.

झोपेचं अजून अडलंय. दादा घोरतो, मध्येच श्वास अडकतो आणि दचकून जागा होतो. डाउन सिंड्रोममध्ये स्लीप ॲप्नियाही नेहमीचाच. दुपारची झोप कमी झाली तरी पूर्ण गेली नाही, म्हणून २४ एप्रिलला रात्रभराच्या चाचणीला नेलं. अकराव्या फेरीला. मी शेजारच्या खुर्चीत होते. रात्री दोन वाजता त्याने डोक्यावरच्या सगळ्या वायरी एकेक करून काढल्या, नीट गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "छोटी, घरी."

आता घरी करायची साधी चाचणी ठरली आहे, बोटाला चिमटा आणि नाकाशी एक नळी एवढीच. तारीख २२ मे, शुक्रवार. तंत्रज्ञांकडून जुनी नळी मागून आणली आहे. दादा ती रोज रात्री लावून झोपतो. पहिल्या दिवशी चार मिनिटं राहिली, काल एक तास दहा मिनिटं. मिनिटं तो कॅलेंडरवरच लिहितो, फुलीच्या शेजारी.